दार नसलेली आंघोळ

"साडेचोवीस," आप्पा म्हणाले आणि त्यांनी टेप सोडून दिली. ती सर्रकन डबीत गेली. मग त्यांनी ती परत ओढली, बाथरूमच्या दारात परत आडवी धरली. तेच.

दादा खुर्चीत बसून बघत होता. त्याची चाकांची खुर्ची सव्वीस इंच रुंद.

"फोनवर तुम्ही तीस म्हणाला होता," आप्पा म्हणाले.

"तीसच आहे की," हॉटेलचे मॅनेजर पेडणेकर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आप्पांच्या हातून टेप घेतली आणि चौकटीच्या लाकडाच्या या बाहेरच्या कडेपासून त्या बाहेरच्या कडेपर्यंत लावून दाखवली. तीस. बरोबर तीस.

आप्पांनी टेप परत घेतली.

आप्पांनी एकतीस वर्षं कराडच्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं होतं. प्रत्येक तुकडीला पहिल्याच आठवड्यात सांगायचे, माप आतून घ्यायचं, दाराचा पल्ला बसवून उघडल्यावर जेवढी वाट उरते तेवढं. फोनवर त्यांनी विचारलं होतं, "चौकट केवढी आहे?" एवढंच. आयुष्यभर त्यांनी हा प्रश्न ज्यांना विचारला, त्यांना "आतून" असं वेगळं सांगावं लागलं नव्हतं.

दीड इंच.

*

खोली अशी होती.

बाहेरच्या दारावर निळा स्टिकर, चाकांच्या खुर्चीतला पांढरा माणूस. त्याचं डोकं कुणीतरी नखानं खरवडून काढलेलं. पायऱ्यांच्या शेजारी उतरण केलेली, तिच्यावर तुळशीच्या चार कुंड्या. त्या हलवायला दहा मिनिटं. आत कोपऱ्यात जादाच्या सहा गाद्या, दोन घडीच्या खाटा, बंद पडलेला टीव्ही. पेडणेकर म्हणाले, ही खोली कोणी मागत नाही ना, मग सामान ठेवतो.

बाथरूममध्ये मात्र सगळं होतं. कमोडशेजारी धरायला स्टीलचा दांडा, त्यावर फरशी पुसायचं फडकं वाळत घातलेलं. भिंतीतून खाली पाडायची बसायची फळी. हातात धरायचा शॉवर. सगळं साडेचोवीस इंचांच्या पलीकडे.

खिडकीतून समुद्र दिसत होता. आईशिवाय त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

*

समुद्र हे निमित्त होतं. हे फक्त मला माहीत होतं.

दोन महिन्यांपूर्वी दादाला मी कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत नेलं होतं. रस्त्यावरून आत एकच पायरी होती म्हणून तेच. त्यानं शोधून शोधून या खोलीचा फोटो काढला आणि पडद्याला बोट लावलं.

"सुजे, हे बघ. आत बसायला फळी आहे. आणि दाराला आतून कडी."

"मग?"

"मला एकदा आतून कडी लावून आंघोळ करायची आहे. एकट्यानं. एकदाच."

तो पंचवीस वर्षांचा होता, मी एकोणीस. चार वर्षांपूर्वी उंब्रजच्या वळणावर त्याची मोटरसायकल घसरली होती आणि कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं. चिमटा काढला तरी नाही.

घरी आमची न्हाणी मागच्या अंगणात, उंबरा वीतभर उंच. आप्पा त्याला उचलून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचे आणि निघून जायचे. मग आई. पदर खोचलेला, शेजारी बंबातल्या पाण्याची बादली. ती विसण घालायची, कोपरापर्यंत हात बुडवून बघायची, अजून एक तांब्या गार पाणी ओतायची, परत बघायची. मग त्याला चोळायची, अगदी सगळीकडे, आणि चोळताना शेजारच्या काकूंशी भिंतीवरून बोलत राहायची. मेथी कशी दिली वगैरे. दादा डोळे मिटून घ्यायचा. चार वर्षं मला वाटत होतं, साबण जातो म्हणून मिटतो.

*

"मग त्यात काय एवढं," आई म्हणाली. "धरून नेऊ की आत. घरी काय करतो?"

पेडणेकरांना हायसं वाटलं. सगळे तसंच करतात, ते म्हणाले. आजवर कुणाची तक्रार नाही.

मी दादाकडे बघितलं. तो चाकावरची वाळू नखानं काढत होता.

आप्पांनी बॅगेतून पेचकस काढला. ते कुठंही जाताना पेचकस नेत असत, लग्नालासुद्धा. "पल्ला उतरवतो," ते म्हणाले. पेडणेकरांनी आधी नको म्हटलं, मग परत बसवून देणार असं कागदावर लिहून घेतलं आणि गेले.

तीन बिजागऱ्या, बारा स्क्रू, सगळ्यांच्या खाचा रंगानं बुजलेल्या. आप्पा एकेक खाच कोरत होते. पाऊण तास लागला. घाम चष्म्यावर पडत होता, पण त्यांचा चेहरा हळूहळू सुटत गेला. मी पल्ला धरून उभी होते. आई खाटेवर बसून चिवडा खात होती. मला म्हणाली, तुझ्या बापाला सुट्टीवर आणलं तरी तो कुठंतरी लाकूड शोधतोच.

शेवटचा स्क्रू निघाला. आम्ही दोघांनी पल्ला उचलून भिंतीला टेकवला. आप्पांनी टेप लावली.

"सव्वीस आणि एक सूत," ते म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एखाद्या विद्यार्थ्यानं काम दाखवावं तसं त्यांनी दादाकडे बघितलं.

दादा भिंतीला टेकवलेल्या पल्ल्याकडे बघत होता. कडी त्या पल्ल्यावर होती.

"झकास, आप्पा," तो म्हणाला.

*

आईनं पदर खोचला. "चला, आटपून घेऊ. मग बीचवर जाऊ."

"आई, थांब."

"काय?"

"तुम्ही तिघं बाहेर जा. व्हरांड्यात बसा. खोलीचं दार ओढून घ्या. मी आंघोळ करतो."

आई हसली. खरंच विनोद वाटला तिला. मग तिनं पलंगावरची चादर ओढली आणि बाथरूमच्या मोकळ्या चौकटीत धरून दाखवली, ही लावू पडद्यासारखी, मी पाठ करून उभी राहते.

"चादर नको. तू नको. कुणी नको."

"आणि पडलास म्हणजे?"

"पडलो तर ओरडेन."

"आरं पण एकट्याला कसं जमंल तुला? तू केलीयस का कधी?"

"नाही. म्हणूनच."

आईनं आप्पांकडे बघितलं. एरवी आप्पा आईच्या बाजूनं बोलायचे, किंवा बोलायचेच नाहीत. त्या दिवशी ते पेचकस खिशात घालत म्हणाले, "चल गं. मोठा आहे तो." मला वाटतं, तो दीड इंच बोलत होता.

आई गेली. तिच्यामागून आप्पा. मी टॉवेल फळीजवळ ठेवायला आत पाऊल टाकलं.

"कशाला हात लावू नकोस," दादा म्हणाला. "माझं मी घेईन. तू एकच कर. अर्धा तास आईला तिथं बसवून ठेव. काहीही सांग तिला. तू पण यायचं नाहीस."

"नाही येणार."

"शपथ?"

"शपथ."

त्यानं चौकटीला दोन्ही हातांनी धरून स्वतःला आत ओढलं. चाकं धरायला जागाच नव्हती, त्याची बोटं चिरडली असती. खुर्ची दोन्ही बाजूंनी रंग खरवडत आत गेली. मी खोलीचं दार ओढून घेतलं.

दार ओढताना माझ्या मनात पाणी आलं होतं. कोपरापर्यंत हात. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मीही आईच झाले असते.

*

व्हरांडा. पावणेचार ते चार वाजून वीस मिनिटं.

आप्पा कठड्याला टेकून उभे. आई वेताच्या खुर्चीच्या अगदी कडेवर. मी तिच्या आणि दाराच्या मधे.

पहिली पाच मिनिटं काहीच आवाज नाही. आई उठली. मी म्हटलं, खुर्चीवरून फळीवर सरकत असेल, वेळ लागणारच. ती बसली.

मग काहीतरी धातूचं खणखणलं. आई उठली. मी म्हटलं, स्टीलचा मग असेल, हातातून सुटला असेल. तिनं हाक मारली, "हेमू." आतून लगेच आवाज आला, काही नाही, बस तू. ती बसली.

मग पाण्याचा आवाज. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. आणि त्याच्या आत, बारीक, दादाची शीळ. चार वर्षांत ती मी ऐकली नव्हती. आप्पांनी मान वळवली आणि समुद्राकडे बघत राहिले.

आईला शीळ ऐकू आली की नाही माहीत नाही. ती एकदम म्हणाली, "विसण कुणी घातलं?"

मी दाराकडे सरकले.

"सुजे. त्याला कळत नाही खाली. गरम किती, गार किती. पाणी कुणी बघितलं?" आणि ती उठली, पदर सावरून, दाराकडे.

"मी," मी म्हणाले. "मी विसण घालून आले, आई."

"हात घालून बघितलंस?"

"बघितलं."

"कोपरापर्यंत?"

"हो."

तेव्हा कुठं ती नीट मागं टेकून बसली. वीस मिनिटं बसली. मला वाटलं, काम झालं.

*

"या आता," आतून हाक आली.

दादा पलंगावर बसला होता. स्वतः खुर्चीवरून पलंगावर आलेला. लुंगी नेसलेला, वेडीवाकडी, पण नेसलेला. बनियन उलटा. केस विंचरलेले, भांग पाडलेला, तोही चुकीच्या बाजूला. बाथरूमपासून पलंगापर्यंत पाण्याचे ओहोळ आणि दोन चाकांच्या रेघा. स्टीलचा मग कमोडच्या मागं जाऊन पडलेला.

"तेवढा मग काढा कुणीतरी," तो म्हणाला. "माझा हात पोचला नाही."

त्याला इतकं बोलताना मी खूप दिवसांनी ऐकत होते. तो आप्पांना म्हणाला, ती फळी एका बाजूला झुकली आहे, तुम्ही बघाल तर रडाल. आईला म्हणाला, कानामागं पण घासलंय, वास घेऊन बघ. आईनं खरंच वाकून वास घेतला आणि त्याच्या टाळूवर हात फिरवला, केस अजून ओले आहेत म्हणाली. माझ्याकडे बघून त्यानं फक्त भुवया उडवल्या. अर्धा तास, पुरा. मी चहा सांगितला. पेडणेकरांनी भजी पण पाठवली. आम्ही चौघं पलंगावर बसून भजी खाल्ली. आप्पा म्हणाले, उद्या परत कर, मी ती फळी सरळ करून देतो.

असं साधारण दहा मिनिटं.

मग आई म्हणाली, "लुंगी ओलीच नेसलास होय?" आणि त्याच्या मांडीवर हात ठेवला. आणि हात उचलून बघितला.

ते पाणी आंघोळीचं नव्हतं.

*

डाव्या मांडीवर वितीएवढा फोड, फुटलेला. उजवीवर त्याहून मोठा, न फुटलेला, पिवळट. मधली कातडी लाल, आणि एका ठिकाणी लाल नाही, पांढरी. पांढरं वाईट असतं हे आम्हाला डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

दादा बघत होता. आपल्या मांड्यांकडे, दुसऱ्या कुणाच्या असाव्यात तसा. त्याला दुखत नव्हतं. ते सगळ्यात वाईट होतं. तो अजून अर्धं भजं हातात धरून होता.

आईनं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं, दोनदा. मग ती त्याच्यावर ओरडली नाही. हळू बोलली, ते जास्त होतं. "बास आता. आता कधीच न्हाई. माझे हात-पाय चालत्यात तोवर तुला एकट्याला सोडणार न्हाई. मोरीत न्हाई, कुठंच न्हाई. तुझी हौस झाली."

दादाच्या चेहऱ्यावरून जे गेलं ते मला बघवलं नाही. मी मधे बोलले.

"आई, त्याची चूक नाही. पाणी मी लावून दिलं होतं. माझ्या हातून गरम राहिलं."

आईनं माझ्याकडे बघितलं. कोपरापर्यंत म्हणाली होतीस, ती म्हणाली. हो, मी म्हणाले. तिनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं.

मी दादाकडे बघितलं, मघासारख्या भुवया उडतील म्हणून. तो माझ्याकडे बघत होता, पण ओळख नसल्यासारखा.

तालुक्याच्या गावी दवाखाना होता. आप्पांनी रिक्षा आणेपर्यंत आई ओला टॉवेल धरून बसली होती. समुद्र तिथंच होता.

*

हॉटेलचा अभिप्रायाचा छापील कागद. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान न्यायला आप्पा एकटे गेले, तेव्हा पेडणेकरांनी तो पुढं केला. आप्पांचं अक्षर:

खोलीची स्वच्छता: ठीक.

कर्मचाऱ्यांची वागणूक: चांगली.

अपंगांसाठीच्या सोयी: चौकट चुकीची नाही. माप घेणाऱ्याची चूक. पल्ला परत बसवला आहे. फळी सरळ केली आहे.

पुन्हा याल का:

हे त्यांनी कोरं सोडलं. कागदही दिला नाही. तो त्यांच्या पेचकसाच्या पिशवीत मला नंतर सापडला.

*

कराडच्या हॉस्पिटलात दादा अकरा आठवडे उताणा पडून होता. पोटाची कातडी काढून मांडीवर लावली. ती एकदा धरली नाही, परत लावली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, सुजीनं विसण नीट घातलं नाही. रागानं नाही. पोरगीच आहे, तिला काय कळतंय, असं.

दादा माझ्याशी बोलत नव्हता. मला वाटलं, दुखण्यानं. मग आठवलं, त्याला दुखत नाही.

तिसऱ्या आठवड्यात आई डबा आणायला घरी गेली होती. तो उताणा, तोंड भिंतीकडे. मी पंख्याचं बटण फिरवत होते.

"पाणी मी बघितलं होतं," तो म्हणाला.

मी बटण सोडलं.

"आधी गार सोडलं. मग गरम. मग हात धरला खाली. आईसारखा, कोपरापर्यंत. बरोबर होतं. मग डोक्याला साबण लावायला दोन्ही हात लागले, म्हणून शॉवर मांडीवर ठेवला. डोळे मिटले होते. साबण होता म्हणून. त्या वेळात गीझरचं पाणी तापलं असणार." तो थांबला. "पण विसण मी घातलं होतं. माझं मी."

"मला माहीत आहे."

"मग तू कुठून आलीस आत?"

मी म्हटलं, आई तुला परत कधी एकटं सोडणार नव्हती. मी तुला वाचवायला बोलले.

"भाजलो तर मी भाजलो असतो ना," तो म्हणाला. "माझ्या हातानं. चार वर्षांत एक गोष्ट माझ्या हातानं झाली होती. अर्धा तास होता, सुजे. तू बाहेर थांबलीस, शपथ पाळलीस, आणि मग सगळ्यांसमोर आत येऊन बसलीस."

"मी आईला सांगते. आजच सांगते."

"नको. आता ती आंघोळ तुझी. ठेव."

*

आप्पांनी पुढच्या वर्षी घरी नवीन बाथरूम बांधलं. उंबरा नाही. फळी सरळ. चौकट आतून, पल्ला उघडून, छत्तीस इंच, खुर्ची आत जाऊन वळेल अशी. पितळी कडी, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. हे सगळं त्यांनी कुणाला न विचारता केलं.

पहिल्या दिवशी आईनं बादली भरली, पदर खोचला आणि दादाच्या खुर्चीमागं उभी राहिली.

मी दारात आडवी आले.

"आई, हॉटेलात पाणी मी लावलं नव्हतं. मी आत गेलेच नव्हते. तू उठू नयेस म्हणून मी खोटं बोलले. त्यानं स्वतः हात घालून बघितलं होतं, आणि बरोबर बघितलं होतं. गीझर नंतर तापला. त्याला येतं. नळाकडे लक्ष ठेवायचं एवढंच. त्याला एकट्याला जाऊ दे."

आप्पा करवत हातात घेऊन अंगणात थांबले.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग खुर्चीच्या पुढं आली आणि खाली वाकून दादाला विचारलं, "खरं का रे, हेमू? तू म्हण. तू म्हणशील तर मी बाहेर बसते."

दादानं माझ्याकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. राग नव्हता त्यात. त्याच्या लुंगीतून नव्या कातडीची कड दिसत होती, गुळगुळीत, केस नसलेली.

"नाही," तो म्हणाला. "तिनंच लावलं होतं."

मग त्यानं स्वतः चाकं फिरवली आणि तो आत गेला. हात कुठं अडकले नाहीत. आई बादली घेऊन मागोमाग गेली आणि तिनं आतून कडी लावली.